अमेरिकेच्या कायद्याला बारामतीची हरकत

जगात घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कुणीतरी जबाबदार असतं आणि तो इसम नावानिशी सापडल्याशिवाय जेवायला बसू नये, असं मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. ते म्हणजे बारामतीतले आमचे घरमालक. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते. इंदापूरच्या तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून चाचा लोकांचे अर्ज लिहितात. रोज सकाळच्या एसटीनं जातात आणि संध्याकाळी कचेरीची भाषा अंगाला लावून परत येतात. मी शाळेत इंग्रजी शिकवतो आणि त्यांच्या माडीवर राहतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चहाला खाली बोलावलं आणि माझ्या हातून कप कलंडला. मी ओशाळून रुमाल काढला, तर चाचा शांतपणे म्हणाले, "थांबा सर, पुसू नका. आधी जबाबदार कोण ते बघू." मग त्यांनी टेबलाचे पाय तपासले, कपाचा कान तपासला, कप भरताना लक्ष कुठं होतं ते चाचींना विचारलं, आणि चहा पुरता वाळल्यावर निकाल दिला: कप काठोकाठ भरल्याबद्दल चाची बारा आणे, मी चार आणे. चाचींनी निकाल ऐकलासुद्धा नाही. त्यांना लग्नापासूनची सवय होती.

त्यांचं दुसरं वेड हरकतीचं. चावडीवर फेरफाराची नोटीस लागते, तिच्या खाली लिहिलेलं असतं, 'कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी.' बाकीचं जग ही ओळ वाचत नाही. चाचांना ते घरी येऊन दिलेलं आवतण वाटतं. शेळगावात कुणाच्या उताऱ्यावर कुणाचं नाव चढतंय याच्याशी काडीचा संबंध नसताना ते हरकत घेतात आणि ती फेटाळली गेली की खूश होतात. "फेटाळली का न्हाय? म्हंजे वाचली." समोरच्यांच्या बारशात नाव ठेवून झाल्यावर चाचांनी उभं राहून हरकत घेतली, की या नावाचे गल्लीत आधीच दोघं आहेत आणि पोस्टमनचा घोळ होईल. हरकत लेखी होती आणि तिला कोर्ट फीचं तिकीट लावलेलं होतं. आईबापांनी घाबरून नाव बदललं. अशा प्रत्येक कागदाची स्थळप्रत, म्हणजे आपल्याजवळ ठेवायची नक्कल, चाचांच्या लोखंडी पेटीत आहे.

जबाबदार शोधायच्या या छंदात एक चौकशी मात्र त्यांनी कधीच काढली नाही. त्यांची मुलगी यास्मिन नऊ वर्षांची असल्यापासून चाकाच्या खुर्चीत आहे. उसाच्या हंगामात काटेवाडीजवळ अपघात झाला, एवढंच चाचींनी मला सांगितलं होतं. पोरगी जिद्दीची. शिकली, आणि पुण्यात एका अमेरिकन कंपनीनं सर्वांना सामावून घ्यायचं म्हणून जे धोरण केलं होतं, त्यात तिला घेतलं. दाराशी पायऱ्यांऐवजी खुर्ची चढवायला उतरण बांधली, तिच्या मापाचं टेबल केलं. चाचा मुद्दाम पुण्याला जाऊन त्या उतरणीवरून तीन वेळा वरखाली चालून आले, आणि आल्यावर म्हणाले, "काम चोख हाय."

मग एका रविवारी यास्मिन घरी आली. मीही खालीच जेवायला होतो. जेवताना म्हणाली, "अब्बा, तिकडं अमेरिकेत एका राज्यात कायदा येतोय. असल्या धोरणामुळं आपलं नुकसान झालं असं ज्याला वाटंल, त्यानं कंपनीवर भरपाईचा दिवाणी दावा लावायचा. साहेब लोक भ्यालेत. आमचा विभागच बंद करायचं चाललंय."

चाचांचा घास हातातच राहिला. "अजून पास न्हाय ना झाला?"

"न्हाय."

"मग हरकतीची मुदत असंल."

अमेरिकेतलं विधिमंडळ म्हणजे शेळगावची चावडी नव्हे, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं. चाचा म्हणाले, "सर, कायदा करत्यात म्हंजे कुणाला तरी इचारत असतील. तुमी फक्त इंग्रजी करा."

दुसऱ्या दिवशी कागद माझ्या हातात आला. 'मेहेरबान विधिमंडळ यांचे सेवेशी.' पहिल्या तीन परिच्छेदांत चाचांनी कायद्याची सालटी काढली होती. उतरण बांधल्याने नेमका कोणाचा पाय मोडला, त्याचे नाव व गाव कळावे, अशी मागणी होती. ते इंग्रजी करताना मला हसू आवरत नव्हतं. मग चौथा परिच्छेद आला.

'मुलीच्या पायांना जबाबदार कोण, हे ठरविणे असल्यास अर्जदार स्वतः सोळा आणे जबाबदार आहे. उसाच्या ट्रेलरच्या पुढे मोटारसायकल काढण्याची घाई अर्जदारास होती. मुलगी मागून नको म्हणत होती. कंपनीने फक्त तिच्या खुर्चीला वाट करून दिली. सबब कंपनीवर दावा लावू नये.'

मी लिहायचा थांबलो. चाचा खिडकीबाहेर बघत होते. "लिवा सर. अर्जात खोटं चालत न्हाय."

तिकीट लावून कागद अमेरिकेला गेला. उत्तर आलं नाही. कायद्याचं पुढं काय झालं ते मला नीट कळलं नाही, पण कंपनीनं विभाग बंद न करता त्याचं नाव तेवढं बदललं आणि यास्मिनचं टेबल तिथंच राहिलं. हरकत मंजूर झाली, याबद्दल चाचांच्या मनात शंका नव्हती.

ईदला यास्मिन आली. तिला जुना शाळेचा दाखला हवा होता, म्हणून तिनं पेटी उघडली आणि अमेरिकेला पाठवलेल्या अर्जाची स्थळप्रत तिच्या हाती लागली. ती पुण्याला गेल्यावर चाचांनी मला खाली बोलावलं आणि कागद पुढं केला. चौथ्या परिच्छेदाखाली यास्मिनचं अक्षर होतं, आणि शेजारी कोर्ट फीचं तिकीट.

'परिच्छेद चारला माझी हरकत आहे. मी नको म्हणत नव्हते. अजून जोरात, अब्बा, म्हणत होते.'

"खरं काय आठवतंय तुम्हाला?" मी विचारलं.

"लई वारा व्हता, सर," चाचा म्हणाले. कागदाची घडी त्यांना नीट घालता येईना, तेव्हा मीच घालून दिली.

परवा खाली चहा घेताना माझ्या हातून पुन्हा कप कलंडला. मी सवयीनं हात मागं घेतला आणि निकालाची वाट बघत बसलो. चाचांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, टेबल पुसलं आणि आतल्या बाजूला बघून म्हणाले, "सरांना दुसरा आण गं." एवढंच. चार आणे तरी माझ्या नावावर लावतील असं मला वाटलं होतं.