सातवी आज्ञा मी काढून टाकली होती

आधी चहाचा घोट गिळा. पुढचं ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही! माझं लग्न मोडता मोडता राहिलं. पगारावरून नाही, रंगावरून नाही. दहा ओळींच्या एका गाठोड्यावरून!

मी श्रीरामपूरला अकरावी-बारावीला गणित शिकवतो. प्रश्नपत्रिका संगणकावरच करतो, पण माझी तऱ्हा वेगळी. 'इथं वर्गमूळ काढ, इथं कोन काढ' असं लिहून सांगायचं, की छापील पुस्तकासारखं देखणं पान तयार. हे जे लिहून सांगायचं, त्याला सगळं जग 'कमांड' म्हणतं. मी म्हणायचो 'आज्ञा'.

खोड हो, दुसरं काय! कमांडांच्या पॅकेजला मी 'गाठोडं' म्हणायचो. स्टाफरूममध्ये मी दिसलो की लोक वह्या तपासायला घ्यायचे, तरी मी बधलो नाही. मराठीचा मक्ता जणू माझ्याकडेच!

एका दिवाळीच्या सुट्टीत मी शिक्षकांसाठी स्वतःचं गाठोडं बांधलं. त्यात आज्ञा किती? मोजून दहा. आता आम्ही ख्रिस्ती माणसं. देवानं मोशेला डोंगरावर दहा आज्ञा दिल्या, त्या आईनं मला लहानपणीच क्रमानं घोकायला लावल्यात. 'दहा आज्ञा' म्हटलं की ऐकणाऱ्याला काय वाटेल, हे मला कळायला नको? पण डोक्यात गणित शिरलं की बाकीचं सगळं बाहेर.

तर तो रविवार. उपासना उरकून मी नवा शर्ट घालून तयार. तिसगावहून एस्तेर येणार होती, तिच्या शिमोनमामांबरोबर. ती तिथं शाळेत विज्ञान शिकवते. वडील नाहीत, त्यामुळे मामांचा शब्द शेवटचा. फोटो बघूनच मला ती इतकी आवडली होती, की आठवडाभर फळ्यावर माझी बेरीज चुकत होती. त्याआधी चार ठिकाणांहून नकार आलेला. आईनं बजावलं, "आज तोंड सांभाळ. गणित काढू नकोस."

नेमका जामखेडहून संतोष सरांचा फोन. मी अंगणात पेरूखाली गेलो, फाटकाकडे पाठ करून.

"सर, तुमचं गाठोडं घेतलं आणि माझं सगळं मोडलं!"

"अरे, दहाच्या दहा आज्ञा कशाला घेतल्यास?" माझा आवाज असा, की जामखेडला फोनशिवायही गेला असता. "मी स्वतः दोनच घेतो! बाकीच्या आठ सोडून दे. त्याच नावाची तुझी जुनी असली की ती मोडते. कंसात फक्त लागतील त्यांचीच नावं लिही, बास!"

"आणि सातवी?"

"सातवी? ती तर मी पहिल्याच दिवशी काढून टाकली. लई ताप देते!"

वळलो तर फाटकात मामा, हातात केळ्यांची पिशवी. मागे एस्तेर.

"जय ख्रिस्त, मामा!"

"जय ख्रिस्त," मामा म्हणाले, पण 'ख्रिस्त'वर जरा जास्तच जोर दिला.

पोहे आले. मामा माझ्याकडे बाजारात बैलाचे दात बघावेत तसे बघत होते. मग म्हणाले, "सर, मघा कायतरी आज्ञांचं चाललं हुतं."

माझी कळी खुलली! आजवर एका माणसानं या विषयावर आपणहून प्रश्न विचारला असेल तर शपथ. आईचं बजावणं कुठल्या कुठं गेलं.

"तुम्हाला आवड आहे, मामा?"

"आवड म्हंजे… इचारतो आपलं. तुमी दोनच घेता म्हनं?"

"दोनच!"

"समद्या घेऊ न्हाईत मानसानं?"

"कशाला? उगाच ओझं! मी तर सगळ्यांना हेच शिकवतो."

मामांचा चमचा पोह्यांतच राहिला. एस्तेरकडे न बघता त्यांनी हळूच विचारलं, "आन ती… सातवी?"

"तिची गरजच काय? एखाद्या दिवशी लागलीच, तर तेवढ्यापुरती घ्यायची! परवा राहुरीला चाळीस शिक्षकांना सांगितलं. दोन बाईंनी तर तिथल्या तिथं काढून टाकली!"

स्वयंपाकघरात कपबशी फुटली. आई दारात आली, पदर तोंडाला.

"देवा बापा! अरे मेल्या, व्यभिचार करू नको, ती सातवी आज्ञा! ती काढून टाकलीस तू?"

आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला! फोनवरचं आणि पोह्यांवरचं एकेक वाक्य परत ऐकू यायला लागलं. राहुरीच्या त्या दोन बाई आठवल्या आणि मला दरदरून घाम फुटला.

मामा उठले. "चल एस्तेर. तीनची एसटी हाय."

एस्तेर काही उठली नाही.

"थांबा हो मामा. सर, घेतलेल्या दोन कुठल्या?" तिचे डोळे प्रयोगशाळेत काहीतरी फसफसताना दिसावं तसे चमकत होते. "आणि बाकीच्या आठ बाहेर ठेवून दोनच आत कशा येतात?"

मी धावत लॅपटॉप आणला. तिला कंस दाखवला, त्यातली दोन नावं दाखवली. वर्गमूळ आणि कोन.

"अय्या, कमांड होय!"

"हो," मी मान खाली घातली, "कमांड."

मामा डोकावले. "सातवी दावा की."

तेवढ्यापुरती आत घेतली, तशी सातवी पडद्यावर उमटली. डावीकडे एक ठिपका, उजवीकडे पाच, आणि त्या एकातून पाचांकडे सुटलेले बाण.

"एकास-अनेक संगती," मी पुटपुटलो.

"एकाचे पाच ठिकानी बान?" मामा कडाडले. "आवं सर, ही तर तीच की!"

"म्हणूनच काढली ना, मामा! मला एकास-एकच लागते!"

एस्तेर ओढणीत तोंड लपवून हसली आणि माझ्या जिवात जीव आला.

मामा परत टेकले. "मशिनीचं कळलं. आता आपल्या म्हना, दहाच्या दहा. माजी खात्री झाली की मी मोकळा."

हे तर सोपं! मी घसा साफ केला. पहिली आली. मग दुसरी… दुसरी? समोर एस्तेर टक लावून बघतेय. चोरीची कितवी? खोट्या साक्षीची? आई ओठ हलवून सांगत होती, पण मला काहीच उमजेना. शेवटी डोळे मिटले आणि जी तोंडात आली ती छप्पर उडेल अशा आवाजात म्हणून टाकली. सातवी!

पुढं सगळा अंधार.

मामांनी बोटं मोजली. "दोनच?"

"दोनच," मी म्हणालो. खोटं कसं बोलणार?

मग मामांनी पोह्यांची बशी पुन्हा हातात घेतली.

"सातवी आली न्हवं? मंग बास. बाकीच्या आठ लागतील तशा घ्या."

लग्न झालं. कमांडला मी आता निमूटपणे कमांड म्हणतो. पण तिसगावात माझं नाव आजही कोणाला ठाऊक नाही. एसटीतून पाय खाली टाकला, की समोरच्या हॉटेलातून हाक येते, "काय जावई, आता किती झाल्या?"