डोळ्यांना विटाळ नसतो

"ताठ बस. पोटभर श्वास घे. आता वाच."

अक्कांचं शिकवणं असं सुरू व्हायचं. सांगताना त्या स्वतःही ताठ व्हायच्या, आणि बघणाऱ्यालाही आपण वाकून बसलोय हे कळायचं. बघा, तुम्हीही सरळ झालात!

बसवनगुडीत आमच्या मागच्या गल्लीत त्या राहायच्या. मुलींच्या शाळेत शिकवायच्या. पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी न्हाती झाले आणि माझी कन्नड शाळा सुटली. घरात आम्ही बोलायचो मराठी, पण वाचता एकीलाही येत नव्हतं. मला ते शिकायचंच होतं. पण रांधणं, धुणं, धाकटी भावंडं... वेळ कुठला?

"महिन्यातून बाजूला बसतेस, तेव्हा तुला कोण कामाला लावतं?" अक्कांनी विचारलं. "ते दिवस मला दे."

खरंच हो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! मागच्या पडवीत मी वेगळं तांब्या-भांडं घेऊन बसायचे, तिथे त्या आपलं मराठी पुस्तक घेऊन हजर.

"अय्यो अक्का," आई दारातून म्हणाली, "पुस्तक म्हणजे सरस्वती. विटाळ होईल!"

"पुस्तक मी धरते. तिनं नुसते डोळे लावायचे. डोळ्यांना विटाळ असतो का हो?"

आई आत वळली. लिहायचं मात्र मी बोटानं, अंगणातल्या वाळूत.

एकदा गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होते. "आज डोकं चालत नाही," म्हटलं. अक्कांनी सरळ माझ्या कमरेवर तळहात दाबून धरला.

"कंबर दुखत असताना डोकं कसं चालेल? दोन्ही एकाच बाईची ना! स्वल्प टेक. मी वाचते, तू ऐक."

"शिवलात!" आई ओरडली.

"सरी, बरं, घरी जाऊन आंघोळ करीन. हंडा तापलेलाच आहे."

पुढे पुढे माझे चार दिवस पाच होऊ लागले. आईनं बोटं मोजली, माझ्याकडे पाहिलं, आणि पोळपाट स्वतःकडे ओढला. आज हे लिहितेय त्यात त्या पोळपाटाचाही वाटा आहे.

मग अक्कांची बदली होसकोटेला झाली. जाताना पुस्तक आमच्या फडताळात ठेवून गेल्या. पुढच्या महिन्यात पडवीत मी एकटीच. पुस्तक समोर दिसतंय, शिवता येत नाही, धरायला कुणी नाही.

आई पदराला हात पुसत आली. पुस्तक काढून माझ्यासमोर बसली.

"ताठ बस," म्हणाली. "आता वाच."

पुस्तक तिनं उलटं धरलं होतं. मी तसंच वाचलं.