अस्थिकलशाचा हार

दुपारी चारच्या सुमाराला आम्ही दोघं ओसरीवर झेंडू ओवत बसलो होतो. मध्ये ओल्या गोणपाटावर फुलांचा ढीग, तिच्या मांडीवर दोऱ्याचं रीळ, आणि मला सुईचं नेढं दिसत नाही म्हणून माझ्याही सुईत दोरा तीच घालून देत होती... सुमन, माझी बायको. ओवता ओवता तिनं विचारलं, "अहो, खरं सांगा, तुम्हाला तरी वाटतं का, मी वास घेतला होता?"

"हात चालव. टेम्पो येईल," मी म्हणालो.

साठ वर्षं तिचा हा प्रश्न आणि माझं असलंच काहीतरी उत्तर. व्यापाऱ्याला, सरपंचाला, पोटच्या पोरांना तोंडावर सुनावणारा माणूस मी; पण इथं मान खाली घालून फुलं ओवत राहायचो.

तेव्हा मी नऊ वर्षांचा, ती आठची. माझ्या सख्ख्या मामाची पोर. पाटाच्या अलीकडे आमचा मळा, पलीकडे त्यांचा. त्या उन्हाळ्यात देशाचे पंतप्रधान गेले. चावडीवरच्या रेडिओनं सांगितलं आणि बाया घरातलं माणूस गेल्यासारख्या चुलीपुढं रडल्या. मग निरोप आला – अस्थी नाशिकला रामकुंडात सोडायच्या आहेत, कलशासाठी मोगऱ्याचा एक हार तुमच्या मळ्यातून द्या. बाप दोन दिवस जेवला नाही नीट, एवढा मान!

आमच्या फुलवाल्यांच्या घरात एक नेम कडक : देवाच्या फुलाचा वास घ्यायचा नाही. घेतला की फूल उष्टं. आई तर खुडताना नाकावरून पदर बांधायची. हा हारही देवाच्याच तोलाचा. पहाटे पडलेल्या दवानं भिजलेल्या टपोऱ्या कळ्या, केळीच्या पानावर वेटोळं करून ठेवलेला तो दुपदरी हार, वर ओलं फडकं... आणि राखणीला आम्ही दोघं. ती पाटावर तोंड धुवायला गेली. मी फडकं उचललं. त्या गार, गोड वासात नाक खुपसलं ते निघेचना; कळ्या उमलताना त्यांचा श्वास आपल्या छातीत शिरतोय असं वाटलं.

आई आली तेव्हा फडकं तिरपं होतं.

"कोणी हात लावला?"

सुमन नुकती परत येऊन उभी राहिली होती, ओल्या तोंडानं. मी तिच्याकडे बोट केलं. "हिनं वास घेतला."

"आत्या, मी नाय! देवाशप्पथ नाय!"

तिच्या गालावर आईची पाचही बोटं उठली. हार शेणाच्या खड्ड्यात गेला. बाप सायकल धरून ओरडत होता, बाया उरल्यासुरल्या कळ्या धावत खुडत होत्या, बोटांना सुया टोचत होत्या... एकपदरी, आखूड हार कसाबसा झाला. सगळे रामकुंडावर गेले. सुमनला मळ्यात ठेवलं. बापाच्या खांद्यावरून मी कलश पाहिला, लाख माणसांची ती मुकी गर्दी पाहिली आणि सारखं वाटत राहिलं, आता त्या गर्दीतून कुणीतरी माझ्याकडे बोट करणार... कुणी केलं नाही.

पुढं तीच सून म्हणून आमच्या घरात आली. आईनं तिला देवाचा हार कधी ओवू दिला नाही. "हिच्या हातचं बाजाराला. देवाला नको." आई गेली, तर माझी थोरली बहीण आक्का नवऱ्यामागं माहेरी आलेली, तिनं तोच नेम चालवला. देव्हाऱ्याजवळ परडी नेताना सुमन उंबऱ्यालाच थांबायची आणि परडी आक्काच्या हातात द्यायची. मी बघायचो. सांगू, पोरं मोठी झाल्यावर सांगू... सांगू, आक्काची तब्येत बरी झाल्यावर सांगू...

"चहा टाकते," म्हणून ती त्या दुपारी उठली. आत भांडं पडल्याचा आवाज आला. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण माणसांनी भरलं. आक्का तिच्या उशाशी बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "त्या हाराचा वास मी घेतला होता. सुमननं नाय. मी खोटं बोललो."

पुतण्यानं मला धरलं, कोणी पाण्याचा तांब्या पुढं केला. दुःखानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं कुणी कुजबुजलं. आक्का तेवढी माझ्याकडे बघत राहिली.

"तिला सांगितलंस?"

"नाय," मी म्हणालो.