व्यंकूने ड्रम आधी वाजवून ठेवले

श्रावणीचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या दिवसाच्या कामांची यादी लिहीत होते. "मावशी, नान्ना गेले," एवढंच ती म्हणाली. तेलुगूत नान्ना म्हणजे वडील. तिच्या वडिलांना, व्यंकटेशला, म्हणजे आमच्या व्यंकूला, मूत्रपिंडाचा आजार बरेच दिवस होता, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती, तरी हात थांबलाच. मग मला जे जमतं ते मी केलं. कागद उलटा केला आणि कोणाकोणाला कळवायचं ते लिहायला घेतलं. पहिली दोन नावं इक्बाल आणि दत्ता. दोघांना दोन वेगळे फोन, कारण ते एकमेकांशी बोलत नव्हते. एकाला सांगितलं की दुसऱ्याला आपोआप कळेल, ही सोय आमच्याकडे कधीच संपली होती. आणि या दोघांना घेऊन व्यंकू जे गाणं करत होता, ते अर्धवट पडलं होतं. खरं सांगते, त्या दुपारी मला सगळ्यात जास्त काळजी त्या गाण्याची वाटली…

आम्ही चौघं सोलापुरात एकाच कॉलेजात होतो. व्यंकूच्या घरी पूर्व भागात टॉवेल विणायचा छोटा कारखाना होता. त्याच्या अमेरिकेतल्या चुलत भावाने एकदा कॅसेटींचा खोका पाठवला आणि त्यात तिकडच्या तीन पोरांचा एक रॉक बँड निघाला. व्यंकूने तो अक्षरशः पाठ केला. नुसती गाणीच नाही, तर त्या बँडचा सगळा इतिहास. ते कुणाच्या गॅरेजमध्ये सुरू झाले, पहिली कॅसेट कशी पडली, कोण कुणावर रुसलं, सगळं. "याला ऑल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात," तो म्हणाला. इक्बालने गिटार खाली ठेवून विचारलं, "ऑल्टरनेटिव्ह मतलब? कायकू ऑल्टरनेटिव्ह?" व्यंकू शांतपणे म्हणाला, "लग्नातल्या ऑर्केस्ट्राला." तिथेच बँड ठरला. इक्बाल गिटार, बार्शीचा दत्ता गाणार आणि गाणी लिहिणार, व्यंकू ड्रम. मला सूर कळत नव्हता, पण वेळ कळत होती, म्हणून मी मॅनेजर. बँडचं नाव 'कडक भाकरी'. ते दत्ताने सुचवलं, कारण तालमीला खायला दुसरं काही नसायचं.

तालीम कारखान्याच्या मागच्या खोलीत व्हायची. भिंतीपलीकडे माग चालू असायचे आणि ते आमच्यासाठी कोण बंद करणार? सुरुवातीला इक्बाल कानात कापूस घालून यायचा. व्यंकूने मात्र वेगळंच केलं. त्याने मागाच्या खटखटीलाच ताल मानलं आणि त्याच्यात ड्रम बसवले. माग जेवढा पळेल तेवढंच गाणं पळणार. प्रत्येक गाण्याआधी तो दोघांना नावाने "तयार?" विचारायचा आणि दोघांचा होकार आला की घरच्या तेलुगूत आकडे मोजून सुरू करायचा. हळूहळू इक्बालची बोटं आणि दत्ताचा श्वासही त्याच चालीत बसले. गणपतीत एका मंडळाने आम्हाला बोलावलं, तिसऱ्या गाण्याला एक काका उठून म्हणाले, "लई झालं, आता नाचायचं काय तरी लावा की!" व्यंकू आनंदाने म्हणाला, "अमेरिकेतही त्यांना पहिल्या वर्षी असंच उठवलं होतं." आमचं काहीही बिघडलं की तिकडे त्याला जोड सापडायचीच.

पुढे पुण्यात एका स्टुडिओत रेकॉर्डिंग ठरलं. प्रवास, जेवण, राहणं, सगळं मी चोख लावलं होतं. स्टुडिओही चकचकीत होता, टाचणी पडली तर ऐकू येईल इतका शांत. आणि तिथेच घोळ झाला. त्या शांततेत आमच्या तिघांना वाजवताच येईना. गाणं सुरू झालं की सुसाट सुटायचं, शेवटच्या कडव्यापर्यंत दत्ताचा श्वास पुरायचा नाही. दत्ता म्हणाला, "ह्यो गिटारवाला पळतोय, मी कुटं श्वास घेऊ?" इक्बाल म्हणाला, "तू लफ्ज निगलता, इसलिए पीछे रहता." व्यंकू मधेमधे सांगत होता, "अरे, इथे माग नाही ना, म्हणून होतंय." पण तोवर गोष्ट श्वासावरून एकमेकांच्या घराण्यापर्यंत गेली होती. परतीच्या एस.टी.त एक पुढे बसला, एक मागे. 'कडक भाकरी' तिथेच मोडली. इक्बालने मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, दत्ता बार्शीला शाळेत लागला.

व्यंकू मात्र "बँड फुटला" हे शब्द ऐकून घ्यायचा नाही. अमेरिकेतली ती तिघंही भांडली होती आणि कितीतरी वर्षांनी पुन्हा एकत्र आली होती. "हा आपला मधला काळ आहे, मॅनेजरबाई," तो म्हणायचा. मी म्हटलं, "व्यंकू, त्यांचा मधला काळ दोन अल्बमांच्या मधला होता. आपला एकसुद्धा अल्बम नाही." तो म्हणाला, "म्हणून तर आपला जास्त लांबलाय." अशा माणसाशी काय वाद घालणार!

आजारपणात कारखान्यातले माग एकेक करून गेले, शेवटी एक उरला. तेव्हा त्याने मला योजना सांगितली. गाणी तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड करता येतात, आधी ड्रम, मग गिटार, मग आवाज. म्हणजे दोघांनी भेटायलाच नको! लेक श्रावणी लॅपटॉप सांभाळणार होती. उरलेला माग चालू ठेवून, अंगात ताकद होती त्या एका सकाळी त्याने ड्रम वाजवून ठेवले. गाणं तेच, पुण्यात मोडलेलं, जेऊरच्या फलाटावर गाडीची वाट बघणाऱ्या माणसाचं. एका रविवारी इक्बाल येऊन गिटार वाजवून गेला. पुढच्या रविवारी दत्ता आला. हेडफोन लावून गाऊ लागला आणि शेवटच्या कडव्याशी एकदम थांबला. "हितं त्येनं मला जागा सोडलीया," तो म्हणाला. खरंच, दत्ताचा श्वास जिथे संपायचा, नेमकं तिथे इक्बालने गिटार थांबवली होती. दत्ताने हेडफोन काढून ठेवला, डोळे पुसले, "पुढल्या आठवड्यात येतो" म्हणून गेला. त्या आठवड्यात व्यंकूच गेला.

दिवस झाल्यावर मी दोघांना फोन केले. लपवाछपवी मला जमत नाही. दोघांनाही सांगितलं, दुसराही येणार आहे, गाणं पुरं करायचंय. इक्बाल म्हणाला, "मैं आतूं, पन बात नै करता." दत्ता म्हणाला, "मी येतो, पर त्याच्याकडं बगनार न्हाय." म्हटलं, चालेल, गाण्यात बघावं लागत नाही. दोघं कारखान्यात आले. एक दाराशी बसला, एक मागाशी. दत्ताने शेवटचं कडवं गायलं, इक्बालने सोडलेल्या जागेत श्वास घेतला आणि गाणं संपवलं. मग दाराकडून इक्बाल, छताकडे बघत, "सुर थोडा नीचे लग्या." दत्ता ताडकन वळला, "तुजा कवा वर लागला व्हता रं?" मला इतकं हसू आलं की श्रावणीने मला पाणी दिलं. दत्ताने ते कडवं पुन्हा गायलं. सुधारलं होतं, हे इक्बालने कबूल केलं, म्हणजे नुसती मान हलवली.

मग श्रावणी म्हणाली, आता पहिल्यापासून सगळं लावते. दोघांना हेडफोनवर ऐकवलेला तुकडा ड्रमपासून सुरू होत होता, त्याआधीचं तिने कापून ठेवलं होतं. यावेळी तिने न कापलेलं लावलं. आधी मागाची खटखट. मग व्यंकू खोकला. त्या सकाळी तो खोलीत एकटाच होता, श्रावणी दाराबाहेर. तरी तो नेहमीसारखा म्हणाला, "इक्बाल, दत्ता… तयार?" आणि थांबला. कुणी नसताना, दोघांच्या उत्तरापुरता थांबला. मागाची खटखट तेवढी चालू…

"हौ," दाराशी बसलेला इक्बाल म्हणाला.

"व्हय की," दत्ता म्हणाला.

आणि व्यंकूने तेलुगूत आकडे मोजायला सुरुवात केली.