घाटनदेवीपासून गिअरमध्ये

धनराजच्या दहाचाकी ट्रकपुढे पंचवटीतल्या मिस्त्रींनी हात टेकले होते. लासलगावहून कांदा भरायचा, वाशीच्या बाजारात उतरवायचा आणि रिकाम्या गाडीने घरी यायचं, या फेऱ्यांत धनराजचे केस पिकले. पण गाडीचं ॲव्हरेज विचाराल, तर लिटरला जेमतेम तीन किलोमीटर. भाडं हातात पडायचं आणि तसंच पंपावर रिकामं व्हायचं.

त्याने करायचं काही बाकी ठेवलं नाही. टायरची हवा बघितली, फिल्टर बदलले, ताडपत्री वाऱ्याने फुगू नये म्हणून दोर आवळले, हौसेने बसवलेले टपावरचे भोंगेसुद्धा काढून टाकले. तपासायचा राहिला तो फक्त स्वतःचा उजवा पाय. ओम मिस्त्रीने एकदा तसं बोलून दाखवलं, तर गडी महिनाभर त्याच्या गॅरेजकडे फिरकला नाही!

शेवटी मनमाडचा मेहुणा रवी मध्ये पडला. त्याच्या स्वतःच्या चार गाड्या.

"दाजी, दसऱ्यापर्यंत बघा. नाय जमलं तर गाडी मला द्या. चालवायची तुम्हीच, पगारावर."

पोरगं प्रेमानेच बोललं, पण धनराजला ते फार झोंबलं. दर दसऱ्याला ज्या गाडीला मालक म्हणून हार घालायचा, तिच्यावर आता नोकर म्हणून बसायचं? त्या दिवशी त्याला घास गोड लागला नाही.

श्रावणात त्याच्या बायकोच्या, सविताच्या, भाचीचं वाशीला डोहाळजेवण निघालं. "गाडी जातेच हाय, तर मी पण येते," म्हणत ती ट्रकमध्ये चढली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या शेजारी ती पहिल्यांदाच बसत होती. धनराजला आत कुठेतरी बरं वाटलं. ते दाखवायला म्हणून त्याने गाडी जोरात दामटली, पुढच्या टेम्पोच्या शेपटीला नेऊन करकचून ब्रेक मारला, परत दामटली. नाशिक सुटायच्या आतच सविताने पिशवीतून लिंबू काढून नाकाशी धरलं.

"अहो, हळू. पोटातलं घशाशी आलं."

धनराज कुरकुरला, पण बायकोचा पांढरा पडलेला चेहरा बघून त्याने पाय हलका केला. इगतपुरीच्या पुढे घाटनदेवी आली. सगळ्या ड्रायव्हरांप्रमाणे त्याने हात जोडले आणि तोच हात गिअरवर नेला. इंजिनाचा आवाज एकदम मऊ पडला आणि गाडी उताराला सैल सुटली.

"काय झालं हो?"

"न्यूट्रल केलं. उस्तादाने शिकवलंय. घाट फुकटात उतरायचा, डिझेल वाचतं."

"देवीला हात जोडले आन् लगेच गाडी तिच्याच गळ्यात घातली? माझी शपथ हाय. आधी गिअर टाका!"

शपथ म्हटल्यावर इलाज नव्हता. अख्खा कसारा घाट तो चडफडत गिअरमध्ये उतरला. डिझेलची माती झाली, असंच तो मनात म्हणत होता.

परत आल्यावर नेहमीच्या पंपावर त्याने टाकी फुल केली, हिशोब केला आणि पंपावरच्या पोराला म्हणाला, "मशीन बिघडलंय तुझं." मशीन ठणठणीत होतं. गाडीने चारच्या वर ॲव्हरेज दिलं होतं.

अपमान गिळून तो ओमकडे गेला. ओम हसून म्हणाला, "काका, ही नवी गाडी उतारावर गिअरमध्ये असली आणि पाय काढलेला असला, तर डिझेल घेतच नाय. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला घेते. उस्तादाच्या काळातल्या गाड्या वेगळ्या होत्या. आणि दामटून ब्रेक मारायचा, म्हणजे जाळलेलं डिझेल वाया."

पुढच्या खेपेला सविता काही आली नाही. एकदाच्या प्रवासाने तिची हौस फिटली होती. धनराजने मात्र तिचं लिंबू गाडीतच, काचेपाशी राहू दिलं. पाय जड झाला की नजर त्याच्यावर जायची आणि शेजारून "अहो, हळू" ऐकू यायचं. एकट्याच्या रस्त्याला अशी सोबत त्याला कधी मिळाली नव्हती.

दसऱ्याला रवी पेढे घेऊन आला. ट्रक धुऊन पुसून उभा होता आणि धनराज झेंडूचा हार बांधत होता, मालक म्हणून. चारचं ॲव्हरेज ऐकून रवी चाट पडला.

"दाजी, इंजिन खोललं का काय?"

धनराजने हाराची गाठ मारली. काचेमागचं लिंबू आता सुकून सुपारीएवढं झालं होतं.

"नाय रे," तो म्हणाला, "तुझ्या ताईला गाडी लागते."