चौथ्या जायफळाची जात

"आजी, ते जायफळच आहे."

"न्हाय. मी सांगते ना, न्हाय!"

बोर्लीच्या रोपवाटिकेत, दहा गिऱ्हाइकांसमोर, मी मालकाला, म्हणजे अनंताला, धारेवर धरलं होतं. माझं चुकतं यावर माझाच विश्वास नाही, तर तुमचा कुठून बसणार? पण ऐका, कशी तोंडावर आपटले ते.

आठ वर्षांपूर्वी मी या अनंताकडून जायफळाची चार रोपं नेली, सुपारीच्या वाडीत लावायला. तीन झाडं आता फळांनी लगडतात. चौथं मेलं नुसतं फुलतं. इतकं शेणखत खाऊन, इतकं पाणी पिऊन एक फळ नाही म्हणजे काय?

मी शाळा चौथीपर्यंतच शिकले, पण हाती लागेल ते वाचते. नातीच्या अकरावीच्या जीवशास्त्रात सापडलं, सजीवांच्या जाती कशा ओळखायच्या. पान बघा, फूल बघा. चष्मा लावून वाडीत गेले. तीन झाडांची फुलं एकेकटी, चौथ्याची घोसाघोसांनी. पानही जरा बारीक. झालं! जात वेगळी. जायफळ सांगून ह्यानं रानातलं काहीतरी माझ्या गळ्यात मारलं होतं.

पुराव्यासकट रिक्षा केली. रिक्षावाला कुरकुरला, "आजी, पुरावा जरा जास्तच होतोय." म्हटलं, तू चल.

फुलांचा घोस अनंताच्या टेबलावर आपटला. "फूल वेगळं, पान वेगळं, जात वेगळी. तुझी लबाडी पुस्तकात सापडली."

"अहो, तो नर आहे. बाकीच्या तीन माद्या. रोप लहान असताना कळतंय कोणाला?"

"नर पपईत असतो. जायफळात कुठून आला? दिसायला वेगळं ते जातीनं वेगळं."

"असं?" हा शांतपणे म्हणतो. "आजोबांना झुपकेदार मिशा होत्या. तुम्हाला नाहीत. मग आजोबा कुठल्या जातीचे?"

दहाची दहा गिऱ्हाइकं खिदळली.

"ज्यांच्या जोडीतून पोरं होतात आणि त्या पोरांनाही पुढं पोरं होतात, ती एक जात. हे नव्हतं पुस्तकात?"

असेल. मी पान उलटलंच नव्हतं. फुलाच्या चित्रापाशीच माझा राग डोक्यात गेला होता.

"आणि त्या बिचाऱ्याला शिव्या घालू नका," अनंता म्हणाला. "तुमच्या आळीत दुसऱ्या कोणाकडे जायफळ नाही. तो एकटा आहे म्हणून त्या तिघी फळतात. तो गेला, तर जायफळ नाही न् जायपत्री नाही. आठ वर्षं पाण्यात."

मी मान वळवून दाराबाहेर बघितलं.

"आजी, काय झालं? नर उभा आहे ना वाडीत?"

"उभा न्हाय रे. आडवा हाय. बाहेर रिक्षात."