पिपाणीचा कब्जा

माझ्या लेकीच्या हळदीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता बाबांनी मला स्वयंपाकघरातून हाताला धरून बाहेर आणलं आणि त्यांच्या लॅपटॉपसमोर बसवलं. चेहरा इतका उतरलेला की मला वाटलं, मांडववाल्यानं ऐनवेळी टांग दिली.

"गाणी गेली," ते म्हणाले. "अक्काची गाणी गेली."

अक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण, माझी सिल्लोडची आत्या. हळदीची गाणी म्हणावीत तर आत्यानं. आमच्या नात्यातल्या निम्म्या नवऱ्या तिच्या आवाजात पिवळ्या झाल्या आहेत. पण दोन वर्षांपूर्वी तिनं कवळी बसवली आणि गाणं सोडलं. शब्द निसटतात, लोक हसतील, म्हणायची. माझ्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं बाबांना फोनवर सांगितलं, माझ्या धाकटीच्या हळदीला तू मोबाइलवर भरून घेतलं होतंस ना, तेच लाव, मी नुसती पोरीजवळ बसते. बाबांनी शब्द दिला. गेला महिनाभर हर्सूलच्या आमच्या गल्लीत भाजीवालीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ते हेच सांगत होते. आत्या बाराला पोचणार होती.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी नवरदेवाकडून आलेला एक व्हिडिओ उघडेना, म्हणून बाबांनी इंटरनेटवरून एक नवा प्लेअर उतरवून घेतला. व्हिडिओ झकास चालला. त्याचं चिन्ह म्हणजे एक हिरवी पिपाणी. सकाळी लॅपटॉप उघडून पाहतात तर गाण्यांवर पिपाणी, व्हिडिओंवर पिपाणी, फोटोंवरसुद्धा पिपाणी. त्यांच्या निवृत्तीच्या दिवसाचा फोटो उघडला, तर तो सिनेमासारखा सुरू झाला आणि चार सेकंदांत गुडूप. आत्याच्या गाण्यांवर टिचकी मारली तर पिपाणी जरा थरथरली आणि 'ही फाइल वाजवता येत नाही' असा निरोप देऊन बसली.

मी शाळेत गणित शिकवते, पण घरातल्या कॉम्प्युटरचा दवाखानाही माझ्याकडेच आहे. दुखणं काय ते माझ्या लगेच लक्षात आलं आणि मला हसू फुटलं. ते बाबांना मुळीच आवडलं नाही. त्यांच्या बहिणीचा आवाज गेला होता आणि लेक दात काढत होती.

मग मी त्यांना नीट समजावलं. फाइलीच्या नावात ठिपक्यापुढं जी दोन-चार अक्षरं असतात ते तिचं आडनाव. कुठल्या आडनावाची फाइल कुणी उघडायची, याची एक नोंदवही कॉम्प्युटर ठेवतो. नवा प्लेअर घरात शिरताना एक यादी पुढं करतो, हे सगळं आता मी उघडू का? खुणा त्यानं आधीच करून ठेवलेल्या असतात. आपण हो म्हटलं की वहीत सगळीकडे त्याचं नाव चढतं. आत्याची गाणी जुन्या साध्या मोबाइलवरची, त्यांचं आडनावही जुनं. ती वाजवणं या पिपाणीला येत नव्हतं, पण घेताना तिनं तीही घेतली होती.

बाबांनी मान खाली घातली. ते आडनाव बदलून बघावं असं त्यांच्याही मनात आलं होतं, पण 'फाइल निकामी होऊ शकते' असा इशारा आल्यावर थांबले. तो तेवढा त्यांनी वाचला होता.

आता हे कळायला बाबा माहीत असायला हवेत. त्यांची सगळी नोकरी वैजापूर तालुक्यात तलाठी म्हणून गेली. पूर्ण कागद मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय त्यांनी कधी कुणाचा अंगठा घेतला नाही. लोक वैतागायचे. साहेब, वाचू नका, बैलं बाहेर उभी आहेत, म्हणायचे. बाबा चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून सुरुवात करायचे.

"बाबा, ती यादी तुम्ही वाचली होती?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पुढं, पुढं, पुढं असं करत गेलो. शेवटी मान्य." आणि थोड्या वेळानं, "म्हंजी मी न वाचता अंगठा दिला."

एवढं बोलून ते जे हसत सुटले, ते थांबेचनात. आईला त्यांनी स्वतः हाक मारून बोलावलं आणि गुन्हा कबूल केला. आईनं मोठ्या समाधानानं तो ऐकून घेतला.

त्यानंतर मला काही समजावावं लागलं नाही. "मालकी आपलीच हाय, नुसता कब्जा त्याचा," ते म्हणाले. "मग फेरफार करू." जमिनीच्या नोंदीतलं नाव बदलायचं तर फेरफार करावा लागतो, आणि त्या कामात बाबांचा हात धरणारा कुणी नव्हता. मी एकेक फाइल धरून उजवं बटण दाबायची, 'कशानं उघडायची' तिथं जायची, प्रत्येक ओळ मराठीत करून मोठ्यानं वाचायची. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मंजुरी द्यायचे. 'यापुढं नेहमी' ही ओळ त्यांनी दोनदा वाचायला लावली. फोटो फोटोवाल्याकडे गेले, गाणी जुन्या प्लेअरकडे. व्हिडिओ मात्र पिपाणीकडेच ठेवले. एक शेत राहू दे त्याला, म्हणाले.

मग आत्याचं गाणं उघडलं. आधी खुर्च्या ओढल्याचा आवाज, कुणाचं तरी बाळ रडतंय, आणि मग तिचा तो खणखणीत आवाज. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत राहिले. खोटं कशाला सांगू, मलाही भरून आलं.

चार वाजता मांडवात लॅपटॉपला स्पीकर जोडला. आत्या लेकीशेजारी खुर्चीत बसली. बाबांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि रुबाबात टिचकी मारली. गाणं सुरू झालं, बायका माना डोलवायला लागल्या. दोन कडवी झाली आणि आत्याच्या कपाळाला आठी पडली.

"भाऊ, बंद कर ते."

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. पुन्हा काय बिघडलं, असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ती आतली बाई माझ्या धाकटीला हळद लावतीय," आत्या म्हणाली. "तिचं नाव घेतीय. ही पोर येगळी हाय."

तिनं पदराआड कवळी काढली, रुमालात गुंडाळून बाबांच्या हातात दिली, आणि माझ्या लेकीचं नाव घालून पहिल्या ओळीपासून सुरू केलं. शब्द निसटत होते. ती हसत हसत त्यांना पकडून आणत होती, आणि हरवलेला शब्द मागून बायका पुरवत होत्या. बाबांनी एका हातानं लॅपटॉपचं झाकण लावलं. दुसऱ्या हातात तो रुमाल देवाचा प्रसाद धरावा तसा धरून ते शेवटपर्यंत उभे राहिले. इतके खूश मी त्यांना माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

गाणं संपल्यावर आत्यानं विचारलं, "भरून घेतलंस का?"

बाबांनी हातातल्या रुमालाकडे बघितलं. "नाय."

"मग परत म्हणते," आत्या म्हणाली.